मुकी थैली

थैली गेली हे सगळ्यांत आधी भवानीबाईंना कळलं, आणि ते चारचौघांत बोलून दाखवायला त्यांना सहा महिने लागले.

मद्रासमध्ये मैलापूरच्या तळ्यामागे, नारळाच्या वखारींच्या गल्लीत, तंजावरकडच्या मराठी मंडळींचा एक लहानसा राममठ होता. पुढे कीर्तनाची लांबट पडवी आणि तिच्या टोकाला देव. मागच्या दोन खोल्यांत मठाचे कारभारी शेषगिरीराव आणि त्यांची बायको भवानीबाई राहत. मूलबाळ नव्हतं. शेषगिरीराव शाळामास्तरकीतून निवृत्त झालेले, पण त्यांचा खरा धंदा शनिवारचा. शनिवारी संध्याकाळी कमरेला उपरणं बांधून ते कीर्तनाला उभे राहिले, की तळ्याकाठचे फुलवालेदेखील पाट्या झाकून येऊन बसत. त्यांतल्या निम्म्यांना मराठीचं अक्षर कळत नसे. पण पूर्वरंग संपून बुक्का लागला, चिपळ्या वाजल्या आणि रावांनी उत्तररंगाचा पहिला सूर लांबवला, की भाषा कुणाची आड येते?

ते साल अठ्ठावन्न. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी गल्ली गुळाच्या भातानं सुस्तावून पडली होती. भवानीबाई तिसऱ्या प्रहरी देवापुढे सडा घालायला आल्या तर देवाचं डोकं उघडं. रुप्याचा मुकुट नाही, गळ्यातलं सोन्याचं पदक नाही, चांदीची पंचारती नाही, चांदीच्या दोन्ही समया नाहीत. त्यांनी हे सगळं पाहिलं, पण त्यांचा हात गेला तो सिंहासनाच्या मागे, तांबड्या पडद्याखाली. पोकळी रिकामी होती.

त्या पोकळीत मठाची मुकी थैली असायची.

या थैलीची रीत त्या मंडळींनी तंजावरहून देवाबरोबरच आणली होती. रामनवमीच्या शेवटच्या दिवशी ज्याला देवाला गुपचूप काही द्यायचं असेल त्यानं पडद्याखाली हात घालावा आणि मूठ सोडावी. कुणी दिलं, काय दिलं, का दिलं, हे देणाऱ्यानं बोलायचं नाही, कारभाऱ्यानं विचारायचं नाही, कुठल्या वहीत लिहायचं नाही. परक्या माणसापुढे तर थैलीचं नावही काढायचं नाही. बारा वर्षांनी ती उसवायची आणि निघेल त्याचा देवाला एक दागिना घडवायचा. म्हातारी माणसं म्हणत, मुक्या थैलीतलं बोललं, की घेतलेलं परत द्यावं लागतं.

घेतलेलं म्हणजे जे मागून घेतलं ते.

भवानीबाईंनी नऊ वर्षांपूर्वी मागून घेतलं होतं. शेषगिरीरावांना विषमज्वर झाला होता. एकविसावा दिवस होता, डॉक्टर पायरीवरूनच मान हलवून परत गेले होते. बाहेर रामनवमीचा शेवटचा गजर चालला होता. भवानीबाईंनी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि आईची वाकी काढली. आईकडे वाक्यांची जोडी होती. मरताना तिनं दोघी लेकींना एकेक दिली, एक भवानीला, एक अलमेलूला. ‘दोघी एकत्र याल तेव्हा जोडी होईल,’ म्हणाली. नवऱ्याच्या घरी ही वाकी कुणाला ठाऊक नव्हती. भवानीबाई पडवीत आल्या, पडद्याखाली हात घातला आणि मूठ सोडली. पहाटे रावांना घाम फुटला आणि त्यांनी पेज मागितली.

नऊ वर्षं त्यांनी अलमेलूलासुद्धा सांगितलं नाही. वाकीचा विषय निघाला, की त्या म्हणत, “आहे की डब्यात.”

आता पोकळी रिकामी होती, आणि पडवीत इन्स्पेक्टर राजगोपाल लाकडी स्टुलावर बसून यादी लिहीत होते.

“अस्क गेलं की रे, उमाकांता!” शेषगिरीराव खांबाला टेकून म्हणत होते. अस्क म्हणजे सगळं. चार वर्षांत उमाकांतला एवढं तंजावुरी येऊ लागलं होतं. तो पुण्याकडचा, एका वकिलाकडे कारकून, आणि शनिवारी रावांच्या मागे बसून पेटी वाजवायचा.

“सगळं म्हणून नाही चालायचं, मामा,” उमाकांत म्हणाला. “एकेक सांगा. वजन सांगा, खूण सांगा. ही यादी म्हणजे खटल्याचा पाया.”

रावांनी मठाची वही काढून एकेक वाचलं. मुकुट, कडेला ठोका बसलेला. पदक, मागे ‘राम’ कोरलेलं. पंचारती. समया दोन. राजगोपालांनी लिहून घेतलं आणि मान वर केली.

“अय्या, आणखी काही?”

भवानीबाई माजघराच्या दाराशी उभ्या होत्या. रावांची नजर पडद्याकडे गेली आणि पुन्हा वहीवर आली, हे त्यांनी पाहिलं.

“वहीत आहे तेवढंच,” राव म्हणाले.

“नीट आठवा. मागाहून वाढवलेलं कोर्टाला आवडत नाही.”

“तेवढंच.”

मंडळी गेल्यावर भवानीबाईंनी विचारलं, “अहो, ती थैली?”

“हळू,” राव म्हणाले. “तिच्यात काय होतं हे मला ठाऊक आहे का? तुला ठाऊक आहे का?”

भवानीबाईंनी पडद्याची कड सारखी केली.

“मग जे ठाऊक नाही ते मी सहीनिशी लिहून कसं देऊ? आणि पोलिसाला थैली सांगितली, की उद्या तो गल्लीभर विचारत सुटणार, कुणी काय टाकलं, का टाकलं. लोक विश्वासानं देतात, अगं. रामाची वस्तू आहे, राम बघेल.”

मास्तरांचा हा हट्ट जुनाच होता. शाळेत कधी त्यांनी पोराला एक गुण फुकट दिला नाही, तर देवाच्या नावावर एक ओळ खोटी कशी लिहितील?

चोर मार्चात सापडला. सुब्बा त्याचं नाव. पोंगलआधी मठाला चुना मारायला आला होता तोच. सावकारपेठेत सोन्याचांदीच्या दुकानात पदक विकताना त्याला धरला. मुकुट घरी पोत्यात मिळाला. समया आणि पंचारती दुकानदारानं केव्हाच वितळवल्या होत्या. उरला होता तो चांदीचा एक गोळा, आणि दुकानदार म्हणत होता की मी रोख मोजून घेतलंय, गोळा माझा. ही हकिकत उमाकांतनं पडवीत कॉफी पिता पिता सांगितली.

“आणि मामा, त्याच्या घरी तांदळाच्या मडक्यात आणखी एक वस्तू निघाली. वाकी. एकटीच. म्हणून विकली गेली नाही म्हणे. दुकानदार विचारतात ना, जोडी कुठाय. पाच तांबडे खडे, त्यांतला एक पडलेला, जागा लाखेनं भरलीय.”

“लाख काळी की तांबडी?” भवानीबाईंच्या तोंडून निघून गेलं.

उमाकांतनं वर पाहिलं. “ते कशाला बघतोय मी, मामी? काय हो?”

“काही नाही. तांबड्या खड्यांत काळी लाख वाईट दिसते म्हणून म्हटलं.”

राव हसले. “चोराच्या दागिन्याचीही हिला हौस.” पण मग त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. म्हणाले, “मला दाखवली राजगोपालांनी. मी म्हटलं, आमच्या वहीत नाही.”

“थैलीतली असेल, मामा,” उमाकांत हलकेच म्हणाला. तो मठात रुळलेला होता, रीत त्याला ठाऊक होती.

“असेल. पण ‘असेल’ची शपथ घेता येते का?”

भवानीबाईंनी वाटी खाली ठेवली. “उमाकांत, समज ती देवाचीच असली. कोर्ट देवाला परत देणार नाही?”

“मामी, कोर्टापुढे खटला आहे तो यादीतल्या वस्तूंचा. अमुक वस्तू गेली, ती या माणसानं नेली, ती हीच. तीन गाठी बसल्या तरच ती परत. यादीत नाही ती वस्तू चोरीला गेली हेच कोर्टाला ठाऊक नाही.”

“आणि देवाची असली तरी?”

“देवानं फिर्याद दिली नाही ना,” उमाकांत हसत म्हणाला. मग त्यांचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. “सुब्बा तर माझी नाही म्हणतोय. माझी म्हटली तर विचारतील कुठून आणलीस. तुम्ही आमची नाही म्हणताय. म्हणजे ती कुणाचीच नाही. अशा वस्तूची नोटीस लावतात, सहा महिने वाट बघतात, मग सरकारजमा. लिलाव.”

“लिलाव,” भवानीबाई म्हणाल्या.

“ज्यानं थैलीत टाकली त्यानं पुढे येऊन खूण पटवली तर बात वेगळी. पण तो कसला येतोय.”

त्या दिवसापासून भवानीबाईंचं मन भोवऱ्यात सापडलेल्या पानासारखं एका जागी फिरू लागलं. बोलावं, तर घेतलेलं परत द्यावं लागेल. आणि घेतलेलं तर समोर तुळशीला पाणी घालत होतं, उपरणं शोधत होतं, आमटीत मीठ कमी म्हणत होतं. न बोलावं, तर देवाला दिलेली वस्तू कुणा परक्याच्या हातात, उघड्या बाजारात. दिलेलं देवापर्यंत पोचलंच नाही, तर नऊ वर्षांचं आयुष्य राहिलं कशाच्या बदल्यात? दोन्हीकडून बाण एकाच माणसावर येत होता.

एप्रिलात राव साक्षीला जाऊन आले. ते आल्या आल्या आडवे झाले, सांगितलं उमाकांतनं.

“सुब्बाच्या वकिलानं मामांना पिळून काढलं, मामी. वाकी हातात धरून म्हणतो, ही मठाची का? मामा म्हणतात, वहीत नाही. तो म्हणतो, वहीचं विचारलं नाही. मठाची का? मामा म्हणतात, असेलही, मला ठाऊक नाही. झालं! तो कोर्टाकडे वळून म्हणतो, बघा, मठाच्या कारभाऱ्याला मठाची वस्तू ओळखता येत नाही. मग मुकुट तरी यांचाच कशावरून? ठोका काय, कुठल्याही मुकुटाला बसतो.”

“मग?”

“मग मामांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, मुकुट आमचा, पदक आमचं, वाकी आमची नाही. तीनदा विचारलं, तीनदा तेच. लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मामांनी सही केली. मुकुट वाचवायला वाकी सोडली त्यांनी.”

आतून राव म्हणाले, “सोडली कुठं रे? धरली होती का कधी?” आणि त्यांना खोकला आला. साधाच खोकला, मद्रासच्या धुळीचा. पण भवानीबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या.

त्या वर्षी रामनवमीला पडद्यामागे नवी थैली ठेवली. एकानंही पडद्याखाली हात घातला नाही.

मे महिन्यात, ऊन अगदी उभं असताना, मागच्या दाराशी एक बाई आली. कडेवर वर्षाचं पोर, मान टाकलेलं. भवानीबाईंना वाटलं ताक मागायला आली असेल. बाई पायरीखालीच उभी राहिली.

“अम्मा, मी सुंदरी. सुब्बाची बायको.”

भवानीबाईंचा हात कडीवर गेला. बाई घाईघाईनं तमिळमध्ये बोलू लागली.

“भांडायला नाही आले, अम्मा. त्याला काय शिक्षा व्हायची ती होऊ दे. ती वाकी तेवढी तुमच्या सामीची, देवाची, ती परत घ्या.”

“तुला कुणी सांगितलं आमच्या सामीची म्हणून?”

“त्यानंच. म्हणाला, सामीच्या पोटातून निघाली. लाल थैली होती, मूठ जाईल एवढी फट सोडून वरून शिवलेली. ती आणली त्या दिवशी माझं पोर हसत होतं, अम्मा. तेव्हापासून याचा ताप उतरत नाही. दिवसा उतरतो, दिवे लागले की चढतो. मंतरणारा म्हणाला, तुझ्या घरात दुसऱ्याचा जीव आणून ठेवलाय.”

भवानीबाईंनी कडी सोडली. “काय म्हणाला?”

“दुसऱ्याचा जीव.”

पोरानं डोळे उघडले आणि मिटले. भवानीबाईंनी आत जाऊन ताक आणलं, मिठाचा खडा घातला, पोराच्या ओठांना लावलं. मग म्हणाल्या, “ती तर आता पोलिसांकडे आहे. तुझ्या घरात कुठाय?”

“कुणाचीच नाही म्हणतात ना? मग ती जाणार कुठं? ज्याची त्याला मिळेपर्यंत ती आमच्याच नावावर, अम्मा.”

“मग तूच सांग कोर्टात.”

सुंदरी विचित्र हसली. “मी सांगितलं तर थैलीची पण चोरी त्याच्यावर बसेल. आणखी वर्षभर आत. बायको असून कसं सांगू? तुम्ही सांगा. तुम्हाला काय जातंय?”

सुंदरी पदरानं पोराचं डोकं झाकून गल्लीच्या कडेकडेनं निघून गेली. तिची सावली भिंतीवर एवढीशी होती, पायाशी गोळा झालेली.

पुढच्या शनिवारी कीर्तनात रावांनी नेहमीसारखी गोष्ट रंगवली. एक माणूस राजाचं ताट पोचवायला निघतो, वाटेत भुकेलेल्यांची नजर पडते म्हणून ते झाकतो, आणि झाकता झाकता कुणाकडे न्यायचं तेच विसरतो. लोक हसत होते. “बाबा रे,” राव म्हणाले, “ताट झाकलंस हे बरं केलंस, पण पोचवायचं कुणी?” आणि त्यांनी सूर लावला. स्त्रियांच्या बाजूला बसलेल्या भवानीबाईंना तो सूर छातीवर ठेवलेल्या दगडासारखा वाटला. कीर्तनात देव कधी कधी नाव घेऊन बोलतो, हे त्यांनी आयुष्यभर मानलं होतं. आज तो बोलू नये असं त्यांना वाटत होतं.

रविवारी त्यांनी अलमेलूला पत्र घातलं: तुझी वाकी घेऊन ये. का, ते विचारू नको. आठ दिवसांत अलमेलू तंजावरहून रात्रीच्या गाडीनं आली. तिनं रुमालाची गाठ सोडली, बहिणीचा चेहरा पाहिला, आणि खरोखरच काही विचारलं नाही.

निकाल जुलैत होता. भवानीबाई म्हणाल्या, मीही येते, मुकुट आपल्या हातानं आणीन. राव खूश झाले. बसमध्ये खिडकीची जागा त्यांनी बायकोला दिली आणि वाटेतल्या सगळ्या इमारतींची नावं शाळेतल्यासारखी सांगत बसले. भवानीबाईंच्या कमरेला अलमेलूची वाकी खोचलेली होती आणि बस हादरली की ती बरगडीला लागत होती.

कोर्टाच्या खोलीत पंखा वर फिरत होता, पण वारा खाली येत नव्हता. सुब्बा दुबळा, चुन्यानं हात उललेला माणूस होता. त्याच्याकडे पाहून राग येईना. मॅजिस्ट्रेट वयस्क, शांत. निकाल इंग्रजीत वाचला, मग तमिळमध्ये समजावून सांगितला. सुब्बाला नऊ महिने. मुकुट आणि पदक मठाला परत. चांदीचा गोळा ओळखू येत नाही, त्यावर दुकानदाराचाही दावा आहे. दिवाणी कोर्टात ठरवून घ्या. आणि मुद्देमालातली चौथी वस्तू, सोन्याची वाकी, फिर्यादी आपली म्हणत नाहीत, आरोपी आपली म्हणत नाही—

“माझी,” भवानीबाई म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या होत्या. राव शेजारी बसले होते. त्यांनी नवलानं बायकोच्या पदराकडे पाहिलं, जणू तो पदरच बोलला.

“कोण आपण?” मॅजिस्ट्रेटांनी विचारलं.

“मी भवानीबाई. शेषगिरीरावांची बायको. ती वाकी माझ्या आईची. ही तिची जोडी.” त्यांनी कमरेची वाकी काढून पुढे धरली. शिपायानं ती नेली. कारकुनानं दोन्ही वाक्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. जोडी इतक्या वर्षांनी जुळली. पाच खडे आणि चार खडे. पाचव्या जागी काळी लाख. खोलीत कुणीतरी ‘अय्यो’ म्हणालं.

“तुमची वाकी मठात कशी गेली?”

“मी देवाला दिली.”

“कधी?”

“नऊ वर्षांपूर्वी.”

“तुमच्या पतींना सांगितलं नाही?”

“सांगायचं नसतं.”

मॅजिस्ट्रेटांनी चष्मा काढला. “बाई, कशासाठी दिलीत ते सांगाल का? कारण नोंदीत यावं लागेल.”

इथपर्यंत त्या चालत आल्या होत्या. आता पुढे पायरी नव्हती. पण त्यांनी पाऊल टाकलंच. “हे आजारी होते,” त्या म्हणाल्या. “यांचा जीव मागितला.”

कारकुनाची लेखणी करकरत राहिली. भवानीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

मॅजिस्ट्रेटांनी कागद चाळले. मग बोलले ते मऊ आवाजात. निष्ठुर माणूस बोलला असता तर भवानीबाईंना एवढी भीती वाटली नसती.

“तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण माझ्यापुढे काय आहे बघा. ही वस्तू फिर्यादीत नाही. आरोपपत्रात नाही. हिची चोरी झाली यावर या कोर्टात खटला चाललाच नाही. उलट, तुमच्या पतींनी, मठाचे कारभारी म्हणून, शपथेवर तीनदा सांगितलं की ही आमची नाही. त्याच साक्षीवर मी आरोपीला शिक्षा दिली. ती साक्ष मुकुटापुरती खरी आणि वाकीपुरती खोटी, असं मला म्हणता येत नाही.”

“मग मला द्या. मी देवाला देईन.”

“तुम्ही तर दिली म्हणता. दिलेली वस्तू तुमची राहत नाही. आणि घेणाऱ्यानं घेतल्याचा कागद नाही. तुमची की मठाची हे ठरवायचं काम माझं नाही, दिवाणी कोर्टाचं. ही वस्तू कोर्टाच्या ताब्यात राहील. नोटीस निघेल. सहा महिन्यांत हक्क शाबीत झाला तर ठीक, नाहीतर सरकारजमा.” ते थांबले. “तुम्ही आणलेली ती दुसरी परत घेऊन जा.”

शिपायानं जोडी मोडली. एक वाकी कागदात गुंडाळून लाखेनं बंद केली, दुसरी भवानीबाईंच्या तळहातावर ठेवली.

बाहेर पडवीत सुंदरी उभी होती, पोर कडेवर. तिनं विचारलं, “मिळाली, अम्मा?” भवानीबाईंनी नकारार्थी मान हलवली. “पण सांगितलंत ना?” “सांगितलं,” भवानीबाई म्हणाल्या. सुंदरीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि पोराच्या कपाळाला हात लावून पाहिला.

परतताना बसमध्ये रावांनी इमारतींची नावं सांगितली नाहीत. फडक्यात बांधलेला मुकुट मांडीवर धरून ते बसले होते. मठाच्या दाराशी आल्यावर म्हणाले, “मला एका शब्दानं सांगायचंस.”

“सांगायचं नसतं ना हो.”

“हो, ते खरं.” ते हसले. “तीनदा म्हटलं गं मी, आमची नाही, आमची नाही. आणि ती होती कशाची, तर माझ्या जिवाची.”

“असं बोलू नका.”

“मी म्हातारा मास्तर आहे, भवानी. म्हाताऱ्यांच्या म्हणी मी पोरांना समजावून सांगायचो: असं काही नसतं रे, ही माणसाला धाक दाखवायची रीत.” त्यांनी कडी काढली, आत पाऊल ठेवलं, आणि दारातच क्षणभर थांबले. “बघ, देव कसा शोभतो आता मुकुटानं,” म्हणाले. पण मुकुट अजून त्यांच्या हातातच होता.

कोर्टाची नोटीस महिन्याभरानं लागली. उमाकांतनं ती वकिलाच्या कचेरीतून उतरवून आणली. इंग्रजीत आणि तमिळमध्ये छापलेलं: सोन्याची वाकी एक, खडे पाच पैकी एक नाही, भवानीबाई, शेषगिरीराव यांची पत्नी, यांनी पतीच्या जिवाच्या नवसासाठी दिली असे सांगतात, अन्य कोणाचा हक्क असल्यास त्याने पुढे यावे. मैलापुरात त्याच्या प्रती तीन ठिकाणी चिकटवल्या होत्या. फुलवाले वाचत होते. थैलीतलं जे कुणी बोलायचं नव्हतं ते आता ज्याला अक्षरं येत होती तो प्रत्येक जण बोलत होता.

“दिवाणी दावा लावायचा, मामा?” उमाकांतनं विचारलं. “दोन-तीन वर्षं जातील, पण मामीला पुन्हा साक्ष देता येईल, जोडी दाखवता येईल.”

“दोन-तीन वर्षं,” राव म्हणाले. त्यांनी हिशेब केल्यासारखं छताकडे पाहिलं. “नको. त्यापेक्षा तू असं कर. उद्यापासून रोज संध्याकाळी ये. वही आण.”

“कशाला?”

“माझी आख्यानं उतरवून घे. बाडात आहेत ती अर्धीच, बाकी तोंडात आहेत. साक्या, चाली, कुठं थांबायचं, कुठं हसवायचं, सगळं. आणि येत्या शनिवारी उत्तररंगाला तू उभा राहा.”

उमाकांत गोंधळून हसला. “मी? मामा, वीस वर्षांत तुम्ही उत्तररंग कुणाला दिला नाहीत. तुमचे मित्र सांगतात, ताप असतानासुद्धा—”

“म्हणूनच,” राव म्हणाले.

भवानीबाई स्वयंपाकघरात होत्या. चुलीवर भात रटरटत होता आणि त्यांना मधली भिंत नसल्यासारखं सगळं ऐकू येत होतं. त्या बाहेर आल्या. “अहो, काय होतंय तुम्हाला? कुठं दुखतंय?”

“काही नाही गं. अगदी ठणठणीत.” खरंच त्यांचा चेहरा निरोगी होता, डोळे स्वच्छ होते, आवाजात खरखरसुद्धा नव्हती.

“मग हे कशाला? तुम्हीच म्हणालात, असं काही नसतं.”

“म्हणालो खरा.” रावांनी उमाकांतकडे एक कोरी वही सरकवली आणि मांडी नीट घातली. मग बायकोकडे न पाहता, पण तिनं ऐकावं एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले, “लिही, उमाकांता. उद्या कशाला, आजच पहिल्यापासून सांगतो. जरा भरभर लिही हां.”

भवानीबाई दारातच बसल्या. रावांनी सांगायला सुरुवात केली, आणि उमाकांतची लेखणी मागे पडू लागली.